दोष काही नाई, रूपराव म्हणाले

हिंगणीला माझं किराणा दुकान आहे आणि दुकानापुढे ओटा आहे. गाव मला भैय्याजी म्हणतं. मी भित्रा माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढची गोष्ट भीतीचीच आहे. कित्येक महिने उलटले, तरी दिवस कलल्यावर धरणाकडच्या नाल्याच्या वाटेला मी अजून गाडी घालत नाही.

त्या ओट्यावर रूपराव सिनेमांचा निकाल लावायचे. तीस वर्षं ते जवळच्या बोर अभयारण्याच्या जंगलात वनमजूर होते. निवृत्त झाल्यावर माणसं देवळात बसतात, शेताकडे बघतात. या गृहस्थांनी सिनेमा धरला. एखादा पिक्चर वर्ध्याला हाऊसफुल्ल चालला की पहिल्याच आठवड्यात यांची फेरी ठरलेली. परत आले की ओट्यावर बसणार, तांब्याभर पाणी पिणार आणि सुरू होणार. नियम एकच, आधी गुण आणि मग दोष. "मेहनत केली त्यायनं, पह्यले त्याचं सांगा लागते," म्हणायचे. मायलेकरांच्या ताटातुटीचा प्रसंग चांगला वठला असेल, तर सांगता सांगता दुपट्ट्यानं डोळे पुसायचे. पण एकदा दोषांवर आले की कोणाची खैर नसायची.

"हिरोईन कापूस वेचून राह्यली, आन् ओटीत एक काडी नाई, कचरा नाई. नखं पाहा तिचे! हिरो तीन मजल्यावरून उडी मारते, चष्मा तसाच नाकावर. दोन भाऊ जत्रेत हरवते, वीस वर्षं कोणी पोलिसात जात नाई. काऊन बाप्पा?"

अर्धं गाव त्यांचा निकाल ऐकून तिकीट काढायचं. सरपंचांच्या भाच्यानं एका पिक्चरमध्ये गर्दीत उभं राहून काम केलं होतं, त्यालाही त्यांनी सोडलं नव्हतं. एका विषयावर मात्र त्यांचं तोंड मिटलेलं असायचं. वाघ. तो शब्दसुद्धा ते उच्चारत नसत, 'मोठं जनावर' म्हणत. फार वर्षांपूर्वी त्यांच्यासोबत जंगलात कामाला गेलेले बंडूजी परत आले नाहीत. बंडूजींचा जेवणाचा डबा घेऊन त्यांच्या बायकोकडे रूपराव एकटेच गेले होते. काय पाहिलं, हे त्यांनी कोणालाच सांगितलं नाही, आणि त्यांचा चेहरा बघून कोणी विचारलंही नाही.

आणि यंदा नेमका वाघाचाच पिक्चर आला. सगळीकडे त्याचीच चर्चा. त्यातला एक प्रसंग पोरासोरांच्या मोबाईलवर दिवसभर चालायचा. हिरो वाघासमोर उभा राहतो, शर्टाची बटणं काढतो, त्याच्या डोळ्यात डोळे घालून तीन पावलं पुढे टाकतो, आणि वाघ मान खाली घालून निघून जातो. टॉकीजमध्ये इथे शिट्ट्यांनी कान किटतात म्हणे.

अधिक महिना होता. रूपरावांचे जावई सुमीत हिंगणघाटहून धोंड्याच्या जेवणाला आले होते. तिकडे त्यांचं मोबाईलचं दुकान आहे. माणूस लाघवी, पण हौशी. त्यांनीच सासऱ्यांना आग्रह करून वर्ध्याला पिक्चरला नेलं. रात्रीचं जेवण तिकडेच झालं. दुसऱ्या दिवशी ओटा भरला. जावयासाठी मी आतून खुर्ची काढून दिली.

रूपरावांनी गुण सांगितले. गाणी सांगितली, म्हाताऱ्या आजोबाचं काम सांगितलं. मग थांबले. आम्ही वाट बघत होतो.

"दोष?" पानठेल्यावाल्या ताराचंदनं विचारलं.

रूपरावांनी खुर्चीकडे पाहिलं. जावई हसतमुखानं बसले होते. त्यांनीच तिकीट काढलं होतं, त्यांचाच आवडता पिक्चर होता, आणि अधिक महिन्यात जावयाचं मन मोडायचं नसतं.

"दोष काही नाई," रूपराव म्हणाले.

मी तराजू हातात धरून तसाच उभा राहिलो. असं कधी घडलं नव्हतं. सुमीतरावांनी खूश होऊन विचारलं, "मामाजी, तुम्ही तर जंगलात होते. तो असा खरंच मांगं फिरते काय?"

"फिरते कधी कधी," रूपराव म्हणाले आणि खाली बघत दुपट्टा झटकत राहिले.

मला तेव्हा गंमत वाटली होती. जावयानं सासऱ्याची बोलती बंद केली, असं मी घरी जाऊन हसत सांगितलं. आता ते हसणं आठवलं की माझीच मला लाज वाटते.

त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. ऊन इतकं की धरणाचं पाणी पार खाली गेलेलं. नाल्यात एकच डबकं उरलं होतं आणि तिथे ओल्या मातीत पंजे उमटल्याचं सकाळी गुराख्यांनी सांगितलं होतं. साडेपाचच्या सुमारास रूपरावांची मुलगी अंजू धावत दुकानात आली. पायात चपला नव्हत्या. रूपराव साखर घ्यायला उभे होते.

"बाबा, हे नाल्यावर गेले. रील काढतो म्हणे, पिच्चरसारखी. मी लय अडवलं. म्हणे, तुह्ये बाबाच म्हणाले ना, तो मांगं फिरते म्हणून."

रूपरावांच्या हातातली पिशवी खाली पडली. साखर सांडली, तिच्याकडे कोणी पाहिलं नाही.

"भैय्याजी, गाडी काढा," ते म्हणाले. आवाज त्यांचा वाटत नव्हता.

जंगलात आयुष्य गेलेला माणूस मागे बसला आहे, आता आपल्याला काय भ्यायचं, असं मी मनाशी म्हणत होतो.

"मले भेव लागून राह्यलं, भैय्याजी," ते कानाशी म्हणाले. "मी खोटं बोललो. तो मांगं नाई फिरत. बंडूजी पळाला नव्हता, उभाच होता."



नाल्याच्या काठावर सुमीतरावांची गाडी उभी होती. शेजारी स्टँडवर मोबाईल लावलेला, चित्रण चालू. खाली वाळूत तीसेक पावलांवर सुमीतराव उभे, शर्टाची बटणं उघडी. आणि डबक्यापलीकडे झुडपांच्या सावलीत तो. आधी मला फक्त सावली दिसली. मग त्या सावलीनं कान मागे घेतले.

जावयांनी बहुधा ती तीन पावलं टाकली होती. त्यानं मान खाली घातली नव्हती. तो उठला. त्याच्या गळ्यातून जो आवाज आला, तो कानांना नाही, छातीला ऐकू आला.  सुमीतराव पुढेही जाईनात, मागेही येईनात.

रूपराव खाली उतरले. मी गाडीला धरून उभा राहिलो. गेलो नाही. तसं कबूल केल्याशिवाय ही गोष्ट मला सांगता येणार नाही.

ते चालत होते ते काही सिनेमासारखं नव्हतं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पायजमा ओला झाला होता. पण ते चालत होते. "जवाईबापू, पळू नोका. पाठ देऊ नोका. मी येऊन राह्यलो," असं हळू हळू बोलत ते पोचले आणि त्यांनी जावयाचं मनगट धरलं. मग समोर बघत म्हणाले, "जा न बाप्पा. चूक झाली आमची."

दोघं एकेक पाऊल मागे सरू लागले. तो त्यांच्यासोबत पुढे आला. एकदा, दोनदा, तीनदा. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा तो पाण्याशी थांबला होता आणि दोघं चढ चढत होते. तो का थांबला, हे त्यालाच ठाऊक. आम्ही एकाच गाडीवर तिघं बसून आलो, मोबाईल माझ्या खिशात.

दुसऱ्या दिवशी ते चित्रण सुमीतरावांनी पाहिलं. सासरे त्यात तशा अवस्थेत. ते पुसून टाकायला निघाले, तर रूपरावांनी हात धरला.

संध्याकाळी सासरे-जावई ओट्यावर आले. अंजू दाराशी उभी राहिली. मी खुर्ची दिली, पण सुमीतराव खाली बसले. रूपरावांनी मोबाईल माझ्या साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला.

"पिच्चर लहान आहे. चार मिनिटाचा," ते म्हणाले.

ओला पायजमा दिसला तेव्हा ताराचंद फिस्सकन हसला. मग तो आवाज आला आणि त्याचं हसणं जागच्या जागी थांबलं.

"परवा मी दोष नाई म्हटलं," रूपराव बोलू लागले. "जवाईबापू खुर्चीवर होते, मले भीड पडली. दोष होता. त्या हिरोले भेवच वाटत नाई, हा दोष. समोर वाघ आला का माणूस असा दिसते. पाहून घ्या."

वाघ हा शब्द त्यांच्या तोंडून आम्ही पहिल्यांदाच ऐकला.

मग सुमीतराव खाली मान घालूनच म्हणाले, "मामाजी, पह्यले गुण सांगा लागते ना?"

रूपरावांनी दारातल्या अंजूकडे पाहिलं.

"गुण एकच आहे," ते म्हणाले. "याच्यात माणूस घरी आला, नुसता डबा नाई."