मध्यम वजनाचे दोघे

लग्नात माझ्या वडिलांनी एक लोखंडी कपाट दिलं होतं. ते आष्टीहून नाचणगावला ट्रकनं आलं आणि पहिल्याच आठवड्यात यांनी त्याच्या दाराला आतून दोन उघड्या माणसांचे फोटो चिकटवले. साडी काढायला दार उघडलं की हातात गोल फुगीर मोजे घातलेले ते दोघे माझ्याकडेच बघत असायचे. मी विचारलं, हे कोण? हे म्हणाले, बॉक्सर आहेत, मध्यम वजनाचे. याहून जास्त त्या दिवशी काही सांगितलं नाही.

हे पुलगावच्या लष्करी डेपोत कारकून होते. लहानपणी डेपोच्या मैदानावर फौजी लोकांच्या बॉक्सिंगच्या लढती होत, त्या कुंपणाबाहेर उभं राहून बघता बघता यांना नाद लागला. वर्ध्याच्या रद्दीवाल्याकडून इंग्रजी मासिकं आणायची, शब्दकोश घेऊन वाचायची, फोटो कापायचे. कपाटातला एक बॉक्सर जुन्या काळातला होता, केस चापून बसवलेले, ओठांवर हसू. दुसरा आत्ताचा, लांब हातांचा, डावखुरा. त्यांची इंग्रजी नावं माझ्या जिभेवर कधी बसली नाहीत. मी त्यांना जुना आणि नवा म्हणायची. जुन्यानं खेळणं सोडलं तेव्हा नवा शाळेत जात असेल. म्हणजे दोघांची गाठ कधी पडली नाही आणि पडणारही नव्हती.

आणि याच न झालेल्या लढतीवर आमच्या ओट्यावर रोज संध्याकाळी वाद चाले.

वाद घालायला यांचे एक मित्र येत. ते पुण्याकडचे, बदलीवर डेपोत आलेले, तेव्हा एकटेच होते आणि गल्लीच्या टोकाला खोली घेऊन राहत. सायकल कडुनिंबाला टेकवली की बसण्याच्या आधीच त्यांचं सुरू व्हायचं. कालच्या बोलण्यात यांनी जुन्याला अकराव्या फेरीत जिंकवलेलं असायचं आणि रात्रभर विचार करून मित्रांनी त्यावर तोड आणलेली असायची. नवा त्याला जवळ येऊच देणार नाही, हातांची लांबी बघा, असं ते म्हणत. हे म्हणत, जुना बरगड्या फोडून काढेल, दहाव्या फेरीत नव्याचे हात आपोआप खाली येतील. कधी उठून पवित्रा घेत, कधी चहाचा कप रिंगचा कोपरा होई. त्या घरात मी यांना मोठ्यानं हसताना ऐकलं ते फक्त ओट्यावरून, भिंतीपलीकडून.

मला त्या मित्रांचा हेवा वाटे. बाईला सवतीचा वाटावा तसा, त्यात काही कमी नव्हतं. आणि गंमत म्हणजे मला यांनी कधी दुखावलं नाही. उलट मी काहीही म्हटलं की हे मान हलवत. भिंतीला निळा रंग देऊ? दे. संक्रांतीला माहेरी जाऊ? जा. भाजीत मीठ जास्त झालं का? नाही, बरोबर आहे. माझ्या कुठल्याही बोलण्याला यांनी कधी विरोध केला नाही. शेजारच्या बाया म्हणत, नशीबवान आहेस. आणि मी पोळ्या लाटताना भिंतीपलीकडे हे त्या माणसाला ठासून सांगत, "तुमचं हे साफ चूक आहे," तेव्हा माझा हात थांबे. यांच्याशी वाद घालण्याइतकीही मी कोणी नव्हते का?

एकदा मी विचारून पाहिलं, की एवढे बॉक्सर असताना या दोघांचंच काय? हे समजावून म्हणाले, "वजन सारखं असलं तरच मजा हाये. जड्या माणसानं हलक्याले पाडलं, त्यात काय सांगायचं?" आणि वर, तुला याचा कंटाळा येईल, असं म्हणून हात धुवायला गेले. हे शब्द माझ्या मनात फार दिवस राहिले. ओट्यावरचे ते दोघे सारख्या वजनाचे होते, हे मला तेव्हा नीट कळलं.

पहिल्या बाळंतपणाला मी आष्टीला गेले. मुलगी झाली. निरोप मिळाल्यावर हे आर्वीला एसटी बदलून आले आणि सोबत मित्रांना घेऊन आले. माझ्या आईनं मुलगी यांच्या हातात दिली. तिनं दोन्ही मुठी हनुवटीशी धरल्या होत्या, सगळीच मुलं धरतात तशा. यांनी तिच्याकडे बघितलं, चेहरा उजळला आणि पहिलं वाक्य बोलले ते दाराशी उभ्या असलेल्या मित्रांकडे वळून. म्हणाले, "बघा, गार्ड अगदी जुन्यासारखा."

मित्र हसले. आई काही न समजून हसली. मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. मुलगी माझी, नऊ महिने मी वागवलेली, आणि तिच्याबद्दलचा पहिला शब्द त्या माणसाला. मित्रांना बहुधा ते कळलं. ते आत येऊन माझ्या उशाशी एक झबलं ठेवून गेले आणि परत जाईपर्यंत बॉक्सिंगबद्दल अक्षर बोलले नाहीत. ते चांगले होते हेच अवघड होतं. वाईट असते तर मला बरं पडलं असतं.

मुलगी बोलायला लागली त्या सुमाराला त्यांची बदली झाली, परत पुण्याकडे. मी देवापुढे काही मागितलं नव्हतं, पण बातमी ऐकून त्या दिवशी शिरा केला, एवढं खरं. पुलगाव स्टेशनवर हे त्यांना सोडून आले, पाय धुतले आणि ओट्यावर जाऊन बसले. दुसऱ्या दिवशीही तसेच. तिसऱ्या दिवशीही. कोणी काही विचारलं की हसत. मुलीनं चष्मा वाकवला तरी हसले.

मला वाटलं होतं, आता यांच्या संध्याकाळी माझ्याकडे येतील. तसं काही झालं नाही. संध्याकाळ तशीच ओट्यावर पडून राहिली.

शेवटी एकदा मी दोन कप चहा घेऊन बाहेर गेले आणि मित्र बसत त्याच जागी बसले. समोरच्या घरातली म्हातारी माझ्याकडे बघत राहिली. त्या गल्लीत कोणाची सून ओट्यावर नवऱ्यासोबत बसत नसे. मी म्हटलं, नवा जुन्याला जवळ येऊच देणार नाही. हातांची लांबी बघा.

यांनी चहा घेतला. मग सावकाश म्हणाले, "हे तर त्यायचं झालं. तुले काय वाटते?"

मला काय वाटतं ते मला तोवर कोणी विचारलंच नव्हतं, आणि मीही स्वतःला नाही. मला फेऱ्या कळत नव्हत्या. पण तो फोटो मी इतकी वर्षं रोज दार उघडून बघितला होता. त्यात जुन्याचा डावा डोळा सुजलेला आहे आणि तो हसतो आहे. मी म्हटलं, "जुना हरेल. त्याले लागलं की तो हसते. समोरच्याले हे दोन वेळा दिसलं की मग तो त्याच जागी मारत राह्यल." आणि पुढे म्हटलं, "तुम्ही बी तसेच हासून राह्यले, आठ दिवसांपासून."

यांनी कप खाली ठेवला. मला वाटलं, आता मान हलवतील. पण कान लाल झाले.

"साफ चूक," हे म्हणाले. "तुले काई समजलं नाई. तो मुद्दाम हासते. समोरचा चिडला पायजे म्हणून."

मग मी म्हटलं, चिडलेला माणूस जास्त जोरात मारतो. हे म्हणाले, चिडलेला माणूस उघडा पडतो. मी म्हटलं, नवा चिडणाऱ्यातला दिसत नाही, फोटोत बघा. हे उठून आत गेले आणि कपाटाचं दार उघडून फोटो बघू लागले, मीही मागून गेले, आणि चुलीवरचा भात करपल्याचा वास येईपर्यंत आम्ही कपाटासमोर उभे होतो. त्या रात्री करपलेला भात खाताना मला जो आनंद झाला तो मी कोणाला सांगू शकले नाही. नवरा माझ्याशी भांडला, हे कौतुकानं सांगायचं तरी कोणाला?

यानंतर रोज झालं असं नाही. पण होत राहिलं. मी नव्याच्या बाजूची झाले ती कायमची.

ऐंशी सालानंतर, आमच्याकडे टीव्ही आला त्या वर्षी, मित्र डेपोच्या कामासाठी पुन्हा आले. आता त्यांचं लग्न झालेलं होतं, पत्नीही सोबत होती. ते फाटकातूनच म्हणाले, "काऊन वहिनी, ओळखलं का?" आमच्याकडचं ‘काऊन’ त्यांनी तिकडे जाऊनही जपलं होतं. हे आतून धावत आले, आणि यांचा तो जुना आवाज, जो मला वाटलं होतं आता माझा झाला, एका क्षणात त्यांचा झाला.

मी स्वयंपाकघरात पाटवड्या थापत होते. त्यांची पत्नी मदतीला आली. तिनं कोथिंबीर निवडायला घेतली. मग म्हणाली, लग्न झाल्यापासून या घराबद्दल ऐकते आहे, हा ओटा, हा चहा, हा वाद. तिकडे त्यांना कुठलाच चहा आवडत नाही. तिचा आवाज मी ओळखला. तो मी स्वतःच्या गळ्यात कित्येक वर्षं ऐकला होता.

तेवढ्यात बाहेरून मित्रांनी हाक मारली. "वहिनी, हे सांगतायत, तुम्ही म्हणता जुना हसतो म्हणून हरेल? हा मुद्दा आम्हाला कसा सुचला नाही?"

यांनी त्यांना सांगून टाकलं होतं. माझं म्हणून सांगितलं होतं, अभिमानानं सांगितलं होतं, तरी मला झोंबलं. ते आमचं होतं. कपाटासमोरचं, करपलेल्या भाताचं. ते आता ओट्यावरचं झालं.

मी हात पुसले आणि त्यांच्या पत्नीला म्हटलं, चल बाहेर. ती म्हणाली, मला त्यातलं काही कळत नाही. मी म्हटलं, फोटो बघितलास तर पुरे आहे, आणि कपाटाचं दार उघडून तिला त्याच्यासमोर उभं केलं. ती बराच वेळ बघत राहिली. मग दोघांपैकी कोणाची बाजू घ्यायची ते ठरवण्याआधी तिनं विचारलं, यातला तुमच्या यांचा कोणता? वाद मला आमच्या यांच्याशी घालायचा आहे.