सहा वर्षांचं जावळ

लोकांच्या घरात नाक खुपसायची खोड मला नोकरीनं लागली की ती अंगातच होती, हे आता सांगता येणार नाही. माझ्या नवऱ्याच्या मते अंगातच होती. निमोण्याजवळच्या एका वस्तीवर माझी एकशिक्षकी शाळा होती. वर पत्रे, समोर शेवंतीचे वाफे. दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं. वस्तीवरच्या माणसांच्या मागच्या पिढ्या मेंढरांमागे हिंडलेल्या. आता बहुतेकांकडे विहीर होती, फुलं, भाजीपाला होता, आणि एखाद्या म्हाताऱ्याकडे हौसेपुरती चार-पाच मेंढरं.

त्या वर्षी पहिलीत एक मुलगा आला. वय सहा, आणि पाठीवर लाल रिबिनीनं बांधलेली वेणी. जावळ काढलं नव्हतं. मुलाचे पहिले केस मामाच्या मांडीवर बसवूनच काढायचे, ही रीत मला माहीत होती. पण लोक ते वर्षा-दोन वर्षांत उरकून टाकतात. सहा वर्षं का थांबले असतील? मी त्याच्या आईला विचारलं.

"काढायचं हाय की, बाई," ती म्हणाली.

कधी, ते तिनं सांगितलं नाही. मग काय, माझ्या डोक्यात भुंगा सुरू झाला.

इकडे शाळेत मुलांना आयतं खेळणं सापडलं होतं. "ए ताई", "ए वैनी" सुरू झालं. मी रागावले, दोघा-चौघांना बाकड्यावर उभं केलं. त्यानं इतकंच झालं की माझ्यासमोरचं बोलणं थांबलं आणि माझ्यामागचं वाढलं. तो पोरगा ना भांडायचा, ना रडायचा. एक दिवस तो आलाच नाही. मग दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. घरी निरोप पाठवला तर उत्तर आलं, पोरगं रोज दप्तर घेऊन निघतंय. शोधलं तेव्हा सापडला. कठडा नसलेल्या एका विहिरीच्या काठावर, पाय आत सोडून, शाळा सुटायची वाट बघत बसला होता.

त्याला दंडाला धरून उठवलं आणि संताप आवरेना म्हणून तशीच शाळेत येऊन कार्यानुभवाच्या पेटीतली कात्री घेतली. तडक त्याच्या घरी गेले. बाप मळ्यात होता. ओट्यावर आजोबा, चुलीपाशी आई. मी विहिरीचं सांगितलं आणि म्हणाले, "ही वेणी आज, आत्ता जाणार. मी कापते." वेणी हातात धरलीसुद्धा.

आईनं माझं मनगट पकडलं. तिच्या बोटांना शेवंतीचा वास होता, आणि जोर एवढा होता की कात्री खाली पडली.

आजोबा शांतपणे म्हणाले, "मेंढरू कातराया कुणीबी चालतं, बाई. पोराला मामा लागतो."

"मग बोलवा ना मामाला, आबा! मेला नाही ना तो?"

आईनं चुलीकडे तोंड फिरवलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पण माझी उत्सुकता लाजेपेक्षा नेहमीच दांडगी. आबांच्या शेजारी बसून मी थोडं थोडं करत सगळं काढून घेतलं. पोराच्या बारशाला सगळ्या पाहुण्यांना टॉवेल-टोपी दिली. देता देता मामापाशी येऊन टोप्या संपल्या. सगळ्यांत मानाचा पाहुणा तो, आणि तोच बोडका! तो पंगतीतनं उठला. पोराच्या बापानं हात धरून बसवायचं, तर उलट बापच म्हणाला, ज्याला जायचं त्यानं जावं. झालं. तेव्हापासून मामा भाऊबीजेला आला नाही आणि ती माहेरी गेली नाही. सहा वर्षं, एका टोपीपायी. ऐकून मला हसू आलं आणि लगेच स्वतःचीच लाज वाटली.

आई मला रस्त्यापर्यंत सोडायला आली. तिथं आजूबाजूला कुणी नाहीसं बघून बोलली.

"बाई, ह्ये केस हायेत तवर ह्यांना माझ्या भावाला बोलवावंच लागंल. आज न्हाई तर उद्या. केस गेलं की संपलं बघा. दुसरं काय निमित्त हाय माझ्यापाशी?"

तोवर मी तिला अडाणी समजत होते. ती वेणी तिनं सहा वर्षं तेल लावून, विंचरून कशासाठी वाढवली, ते मला त्या क्षणी कळलं. पण विहिरीच्या काठावर बसणारा तो पोरगाही माझ्या डोळ्यांसमोरून हलेना. आईची बाजू घ्यावी तर लेकरू मरतंय, लेकराची घ्यावी तर आई.

रविवारी मी न्हावऱ्याहून एसटीनं चौफुल्याला गेले आणि तिथून वरवंडला, मामाच्या गावी. कुणी सांगितलं नव्हतं. मामाचं घर हायवेच्या मागच्या अंगाला होतं. माणूस थोराड, सीझनला साखर कारखान्यावर कामाला जाणारा. मी बसभर मनात मोठं भाषण रचलं होतं. ते सुरू करायच्या आत त्यानंच विचारलं, "केस कुठवर आल्यात?"

मी माझ्या पाठीवर हात नेऊन दाखवलं.

तो म्हणाला, "म्हंजी आक्कानं अजून काढू दिलं न्हाईत."

"मग चला की."

"बिनबोलावता? न्हाई, बाई. घरच्यांचं बोलावणं येऊ द्या, अनवाणी येतो."

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, हे मी त्याच्या तोंडावर म्हणाले. तो हसला, चहा पाजला, पण जागचा हलला नाही.

राहिला बाप. त्याला उपदेश करून फायदा नव्हता, तसले मी पुष्कळ बघितले होते. शाळेचा एक पत्रा उचकटला होता, तो ठोकायला मी त्याला बोलावलं. पत्रा खरंच उचकटला होता, पण मधल्या सुट्टीची वेळ मी मुद्दाम दिली. आता आई पोराला हाताला धरून शाळेत आणून सोडायची. सुट्टी झाली. बाप वर छपरावर, खाली मुलांना पत्ता नाही. "ए वैनी, वेणी दाव की!" एकानं वेणी ओढली. पोरगा भिंतीला पाठ लावून उभा राहिला, म्हणजे वेणी कुणाच्या हाती लागू नये.

वरची हातोडी थांबली.

बाप खाली उतरला. मुलांना काही बोलला नाही. मला म्हणाला, "रोज व्हतं व्हय ह्ये?"

"रोज."

"आन् ह्यो काय म्हणतो?"

"काहीच नाही."

त्याच्यासाठी केलेला चहा तसाच ठेवून तो गेला. त्याच आठवड्यात नारळ आणि टॉवेल-टोपी पिशवीत घालून तो वरवंडच्या वाटेला लागला.

जावळाच्या दिवशी अंगणात घोंगडी अंथरली होती. मामा टोपी घालून बसला होता. पोरानं त्याला जन्मात पाहिलं नव्हतं, म्हणून मांडीवर अंग ताठ करून बसला. गावातून आलेल्या न्हाव्यानं वेणी कापली, मग वस्तरा चालवायला घेतला. आई पदरात केस झेलत होती. तिचं लक्ष पोराकडे नव्हतंच. ती भावाकडे बघत होती. टाळूवर एक बट उरली आणि तिनं न्हाव्याचा हात धरला.

"येवढी ठेवा. ती बिरोबाची हाय. पुढच्या वर्षी काढायची, ह्याच्याच मांडीवर."

आबा चकित झाले. "कवा बोललीस नवस?"

"मनात बोलले व्हते," ती खाली बघून म्हणाली.

असला नवस घरात कुणी ऐकला नव्हता, आणि खोटा म्हणायची कुणाची छाती झाली नाही. बाप आबांच्या मेंढरांकडे बघू लागला. मी मात्र तडकले. आता मुलं त्या शेंडीवरून चिडवणार, आणखी एक वर्ष! माझ्या शाळेतल्या पोरासाठी मीच बोलायला हवं होतं. मी पोराजवळ बसले आणि त्याला म्हणाले, "तुला नको असेल तर सांग. मी बोलते आईशी."

त्यानं हात वर नेऊन ती बट चाचपली. मग मान वळवून, ज्याच्या मांडीवर बसला होता त्या माणसाकडे पहिल्यांदाच नीट बघितलं.

"ही ऱ्हायली तर ह्यो परत येणार का?" त्यानं मला विचारलं.

"हो."

"मग ऱ्हाऊ द्या."