गुलाबांच्या खोलीतली बाटली

थंडीत चिकटपट्टी चिकटत नाही, हे तुम्हाला माहीत आहे का? मला ते पन्नाशी उलटल्यावर कळलं. रबरबँड जरा ताणलं की तटकन तुटतं. बॉलपेन कितीही घासा, कागदावर नुसता ओरखडा उठतो. मोबाइल सकाळी भरून आणला तरी दुपारच्या आत मान टाकतो. आणि घरी साबण लावूनही न निघणारी अंगठी बोटातून आपसूक गळून बादलीत पडते, कारण बोटंच आक्रसून बारीक झालेली असतात. यातलं काहीही मी पुस्तकात वाचलेलं नाही. मी चौथी शिकलेली बाई. अकरा वर्षं गुलाबाच्या कंपनीत कामाला होते, त्यातली पहिली पाच कोल्डरूममध्ये उभी राहून काढली. तिथं शिकले.

आमचं गाव तिकोणा पेठेच्या अलीकडं, पवना धरणाच्या पाण्याला लागून. भाताच्या खाचरांवर एकेक करत पांढऱ्या प्लॅस्टिकची पॉलीहाऊस उभी राहिली आणि ज्या बाया गुडघाभर चिखलात लावणी करायच्या, त्या गुलाब तोडायला जाऊ लागल्या. तोडलेलं फूल मेलेलं नसतं बरं का. त्याचा श्वास चालू असतो, आणि श्वास जितका जोरात तितकं ते लवकर उमलून लवकर गळतं. म्हणून त्याला दोन ते चार डिग्रीत ठेवायचं. त्या थंडीत कळी झोपते, आणि परदेशात पोचेपर्यंत झोपूनच राहते. कळीचं झालं. कळ्या बांधणाऱ्या बायांचं काय होतं, हे कुणी विचारलं नाही.

आम्ही जोडीनं काम करायचो. एकीनं देठ जुळवायचे, दुसरीनं कागद गुंडाळून रबर लावायचं. माझी जोडीदारीण माझ्याच गावची. ती बौद्धवस्तीतली, मी वरच्या आळीतली. माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी लहान, बारावी झालेली, तोंडानं फटकळ, हातानं माझ्या दुप्पट चलाख. मला आक्का म्हणायची. दुपारच्या सुट्टीत आम्ही एका डब्यात जेवायचो. खोक्यांवरची इंग्रजी अक्षरं दाखवून तिनंच मला वाचायला शिकवलं. "आक्का, हे एस. नागावानी फणा काढलाय बगा." असं करत करत मला शहरांची नावं लागायला लागली. पण खरं सांगायचं तर गावात मी तिच्या घरी कधी चहाला गेले नव्हते. मला कुणी अडवलं नव्हतं. माझं मीच.

हिवाळ्यात तिची बोटं पांढरी पडायची. नुसती गार नाही, खडूसारखी पांढरीफटक, मग निळी, आणि बाहेर उन्हात गेली की लालभडक होऊन अशी ठणकायची की ती हात काखेत घालून बसायची. डॉक्टरनं सांगितलं होतं, थंडीचं काम सोडा. जाड हातमोजे घालून रबर लावता येत नाही, म्हणून तिनं मुलीच्या शाळेच्या जुन्या मोज्यांची टोकं कापून ती हातात चढवली होती. राखाडी मोजे, वर लाल पट्टी. एक जोड हातात, एक खिळ्यावर वाळत.

तिची सगळी आशा एका टेबलावर होती. गार खोलीत लेबलं चिकटत नाहीत, म्हणून लेबलचं टेबल बाहेरच्या उबदार खोलीत असायचं. तिथली बाई लग्न होऊन जाणार होती. इंग्रजी वाचता येणारी बाई हवी होती, आणि या हंगामानंतर ते टेबल तुलाच, असं सुपरवायझरनं जोडीदारणीला कबूल केलं होतं. हा सुपरवायझर आमच्या भावकीतला, मी त्याला चुलती लागायचे.

"येवढी थंडी काढायची आक्का," ती म्हणायची. "फेब्रुवारीपतूर बोटं टिकली म्हंजी झालं. मग मी खुर्चीवर आन् तुमी उभ्या."

"खुर्चीवर बसलीस की मला वळखशील ना?"

"लेबल लावून ठेवीन की तुमच्या कपाळावर. जुना माल म्हणून."

आता जी गोष्ट सांगायची, ती इथून सुरू होते. जानेवारीत, त्या प्रेमाच्या दिवसाच्या मालाची गडबड असते तेव्हा, आम्हाला सलग पाच-सहा तास आत उभं राहावं लागायचं. मी एक गोष्ट बघून ठेवली होती. भिंतीवर, रिकाम्या खोक्यांच्या थप्पीमागं, वायरीला लोंबणारा बोटाएवढा धातूचा तुकडा होता. मेकॅनिक त्याला सेन्सर म्हणायचा, आम्ही बल्ब. दार उघडं राहून त्याला ऊब लागली की मशीन घरघरायला लागायची. तो गार असला की मशीन गप्प. म्हणजे एवढ्या मोठ्या खोलीची थंडी मशीनला कळायची ती त्या बोटाएवढ्या तुकड्यातून. तो जे सांगेल ते खरं.

मग माझ्या डोक्यात आलं, त्यालाच गार ठेवलं तर?

घरून पिण्याच्या पाण्याची बाटली मी फ्रीजरमध्ये गोठवून आणायचे. कोल्ड्रिंकची बाटली. बर्फ झाला की पाणी फुगतं, म्हणून वर चार बोटं जागा ठेवायचे, तरी तिचं बूड फुगून बाहेर आलं होतं. ती उभी राहायची नाही, कलंडायची. सगळ्या हॉलमध्ये तिची थट्टा. सुपरवायझरसुद्धा म्हणायचा, "काकू, तुमची बाटली तुमच्यासारखीच, घटकाभर उभी म्हणून राहत नाही." ती बाटली मी सेन्सरला लावून वरून फडकं गुंडाळलं. घडी जाड केली की दाराबाहेरच्या आकड्यांच्या पाटीवर दोन डिग्री दिसायचे, पातळ केली की शून्य. मी मधोमध ठेवून दोनवर आणलं. मशीन गप्प बसली. अर्ध्या-पाऊण तासात खोलीची धार बोथट झाली. जोडीदारणीच्या बोटांवर गुलाबी रंग आला.

तिला मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिनं पहिल्यांदा ती बाटली काढायला लावली असती. कामाच्या बाबतीत ती फार कडक. ती आपली म्हणायची, "मशीन म्हातारी झाली वाटतं. बरंय, जरा दमानं घेती." मी हसायचे. तास झाला की गुपचूप बाटली काढायचे. चार-पाच दिवस असं केलं. फुलांना काही झालं नाही, आणि मला वाटलं मी फार हुशार.

मग तो दिवस आला. फडकं घरी विसरलं होतं, म्हणून खिळ्यावरचा तिचा वाळलेला मोजा घेतला आणि बाटली न् सेन्सर दोन्ही त्यात कोंबले. दहा मिनिटं झाली नसतील, सुपरवायझरनं हाक मारली. पलीकडच्या प्लॉटवर तोडणीला माणसं कमी पडली होती, टेम्पो उभा होता. "काकू, चला, तासाभराचं काम." मला वाटलं, तासाभरात येऊ. तासाभराचे सहा तास झाले. दुपारी सगळ्या बाया जेवून लोडिंगला बाहेर गेल्या. खोली बंद, दिवे बंद, मशीन बंद. पाटीवर मात्र दोन डिग्री, मस्त.

संध्याकाळी मी आले तेव्हा बाटली तिथं नव्हती. मशीन जोरात चालू होती. मोजाही नव्हता. कुणी मला काही विचारलं नाही. माल गेलेला होता.

थंडीची फसवणूक थंडीतच लपते, हे मला तेव्हा कळलं नव्हतं. कळ्या बघायला तशाच होत्या. पण उबेत त्यांनी श्वास घेतला होता, आणि मशीन पुन्हा चालू झाल्यावर पाकळ्यांवर दव सुटलं होतं. ते पाणी खोक्यात बंद होऊन गेलं. आठवडाभरानं परदेशातून फोटो आले. पाकळ्यांवर राखाडी बुरशी, माना खाली. खोक्यात एक छोटी डबी घालतात, ती वाटेतली गरम-थंडी लिहून ठेवते. तिनं मात्र कुणाचं ऐकलं नव्हतं. तिच्या कागदावर निघण्याआधीच्या दुपारी एक उंच डोंगर काढलेला होता.

आम्हाला ऑफिसात बोलावलं. टेबलावर तो मोजा होता, राखाडी, लाल पट्टीचा. बाटली नव्हती.

सुपरवायझर म्हणाला, "हा मोजा कुणाचा?"

जोडीदारीण म्हणाली, "माजा."

"सेन्सरला बांधला होता. थंडी कुणाला सोसत नाही, ते सगळ्यांना माहीत आहे."

"मी न्हाई बांधला. मला काय ठावं तितं काय बांधायचं असतंय!" मग ती माझ्याकडं वळली. "आक्का, तुमी सांगा की. दिसभर तुमच्या शेजारी उभी असती मी. त्या बल्बला कदी हात तरी लावलाय का?"

आता बघा, इथं सगळं माझ्या हातात होतं. एक वाक्य. माझा मुलगा तेव्हा कंपनीचाच टेम्पो चालवायचा. नुकतं त्याचं लग्न ठरलं होतं. हे सगळं त्या एका क्षणात डोक्यातून गेलं, असं मी नंतर स्वतःला सांगत आले. खरं तर डोक्यात काहीच नव्हतं. तोंड आपोआप उघडलं.

मी म्हणाले, "मी तर त्या दिवशी पलीकडच्या प्लॉटवर होते."

खोटं नव्हतं ते. शब्द न् शब्द खरा होता.

तिनं माझ्याकडं बघितलं, फार वेळ नाही. मग टेबलावरचा मोजा उचलला, झटकला, हातात चढवला आणि बाहेर गेली. दुसऱ्या दिवसापासून तिला गेटवरूनच परत पाठवलं. सुपरवायझर माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "आपल्यातली बाई असं करणार नाही, हे मी साहेबांना आधीच सांगितलं होतं." मी मान हलवली. हो, हलवली.

आणि लेबलचं टेबल कुणाला मिळालं? मला. इंग्रजी वाचता येणारी दुसरी कोण होती! तिनं शिकवलेली अक्षरं मी उबेत बसून सहा वर्षं चिकटवली. तिथं लेबल बोट फिरवताच बसायचं. बोट कसं गुळगुळीत फिरायचं.

गेल्या वर्षी भावकीतल्या लग्नाला शिरगावला गेले होते. तो सुपरवायझर भेटला. कंपनीनं त्यालाही काढलं होतं, पोट सुटलं होतं, केस गेले होते. जेवणाच्या पंगतीनंतर मला राहवलं नाही. म्हटलं, "तुला एक सांगायचंय. तो मोजा मी बांधला होता."

तो पान चघळत होता. थांबलासुद्धा नाही. "काकू, मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"बाटली मीच काढली होती. जमिनीवर ठेवली तर कलंडली. तशी बाटली अख्ख्या कंपनीत एकच. मागच्या ओढ्यात टाकली आणि मोजा ठेवला."

मी म्हटलं, "मग बोलला का नाहीस?"

"कुणाला तरी काढावं लागणारच होतं. घरची बाई काढू?" मग जरा हसून म्हणाला, "आणि तुम्ही तरी कुठं बोललात?"

एवढी वर्षं मला वाटत होतं की मी काहीतरी लपवलंय. लपलेलं काहीच नव्हतं. त्याला कळलं होतं, मला कळलं होतं, आणि आम्ही दोघांनी मिळून ते उचलून तिच्या डोक्यावर ठेवलं होतं. तेही एकमेकांशी एक शब्द न बोलता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्या घरी गेले. आमच्या आळीतून चालत पाच मिनिटं लागतात. तेवढं अंतर कापायला मला किती वर्षं लागली. धरणाच्या कडेला पर्यटकांचे तंबू लागतात ना, तिथं ती भांडी घासायचं काम करते. हंगाम हिवाळ्याचाच, आणि पाणी पहाटेचं, बर्फासारखं. नुकतीच परतली होती. दारात मला बघून तिचा चेहरा हलला नाही.

"या आक्का. चहा टाकू? घ्याल?"

त्या 'घ्याल'मध्ये काय होतं ते मला कळलं. म्हटलं, "टाक."

मी सगळं सांगितलं. बाटली, मोजा, पंगतीतलं बोलणं. ती चुलीपुढं पाठमोरी बसून ऐकत होती. मधे एकदाच म्हणाली, "बाटलीचं मला ऑफिसातच कळलं व्हतं. तुमचा आवाज आईकला तवाच."

चहा उकळून वर आला. तिनं पातेलं उचललं, दोन्ही हातांनी, चिमटा नाही, फडकं नाही. मी ओरडले, "अगं, भाजेल!"

"भाजतं की. पर कळत न्हाई." बोटं तिनं माझ्यापुढं धरली. टोकं कातड्यासारखी टणक, तपकिरी, दोन बोटांवर जुने फोड. "त्या हंगामात टेबल मिळालं असतं तर बोटांतली जाण कदाचित परत आली असती. डॉक्टर म्हनला, लय उशीर झाला."

तिनं दोन काचेचे ग्लास भरले. माझा माझ्या हातात दिला. मी तो धरला आणि चटका बसून लगेच जमिनीवर ठेवला, बोटं पदरात गुंडाळली. तिनं तिचा ग्लास सगळ्या पंजानं घट्ट धरून ठेवला होता. माझ्या पदरातल्या बोटांकडं ती बघत राहिली.

"तुमचे हात अजून चांगले हायेत, आक्का," ती म्हणाली आणि चहा प्यायला लागली.