वीतभर स्टेशनाची मागची भिंत

माझ्या वडिलांनी उभा जन्म स्टेशन मास्तरकीत काढला आणि निवृत्त झाल्यावर घरी बसून काय केलं, तर पुन्हा स्टेशनच बांधलं. हे वीतभर लांबीचं होतं, एवढाच फरक.

त्याचं असं झालं. झाशीच्या सिव्हिल लाइन्समध्ये राहणारे एक अँग्लो-इंडियन ड्रायव्हर, बाबांचे जुने स्नेही, कायमचे ऑस्ट्रेलियाला मुलीकडे निघाले. आपली खेळण्यातली रेल्वे, रुळांसकट, त्यांनी रेल्वे इन्स्टिट्यूटला, म्हणजे रेल्वेवाल्यांच्या क्लबला, देऊन टाकली. हॉलमधल्या मोठ्या टेबलावर ती गाडी गोल गोल फिरायची, पण तिला थांबायला स्टेशन नव्हतं. जाताना त्यांनी बाबांच्या हातात दोन खोकी ठेवली. एकात स्टेशन आणि दुसऱ्यात त्याच्या शेजारचं छोटं घर, दोन्ही सुटे भाग जोडून उभी करायची. "आता हे तुझं काम," एवढंच ते म्हणाले.

आई जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. लक्ष्मी गेटजवळच्या आमच्या घरात बाबा दिवसभर एका खुर्चीवरून उठून दुसऱ्या खुर्चीवर बसत. मी शाळेत शिकवून दमून यायची आणि त्यांच्यावर उगाच खेकसायची. त्या खोक्यांनी आम्हा दोघांना वाचवलं, असं मला आजही वाटतं.

खोकी उघडली तर प्लास्टिकच्या चौकटींना भिंती, खिडक्या आणि बोटाच्या पेराएवढी दारं लटकलेली होती. बाबांनी नेलकटरने एकेक भाग सोडवला, माझ्या नखं घासायच्या कानशीने कडा घासल्या, आणि चिमट्याने उचलून तो चिकटवला. स्टेशनचं छप्पर मात्र त्यांना पसंत पडेना. ते चांगलंच उतरतं होतं, बर्फ घसरून पडावा म्हणून.

"झाशीत बर्फ असतो तो गोळेवाल्याच्या गाडीवर," बाबा म्हणाले आणि करवतीचं पातं घेऊन बसले.

मग मला कळलं, की ते खोक्यावरच्या चित्रातलं स्टेशन बांधतच नव्हते. बरुआसागरच्या पुढे एक लहानसं स्टेशन होतं. तिथे त्यांची पहिली मोठी नेमणूक झाली होती आणि माझं बालपण तिथेच गेलं. ते स्टेशन बाबा आठवून आठवून उभं करत होते. धुराडं कापलं. खिडक्यांना काड्यांचे गज बसवले. फलाटावरच्या बागेच्या कडेला साबुदाण्याचे दगड मांडले. पाण्याच्या माठांसाठी मिरीचे दाणे निवडले, तेही डब्यातल्या सगळ्या मिऱ्या ताटात ओतून, डोळ्यांत तेल घालून. मग रंग. छपराखाली पावसाचे ओघळ, तिकीट खिडकीच्या खाली हजारो कोपरांनी आलेला तुकतुकीतपणा, खांबाच्या बुंध्याशी पानाची पिंक. ती पिंक बघून मी नाक मुरडलं.

"त्या खांबापाशी कोण थुंकायचा ते मला नावानिशी ठाऊक आहे," ते म्हणाले. "त्याला आता कसं सोडू?"

माझ्या वडिलांचे हात इतके गुणी आहेत हे मला वयाच्या तिसाव्या वर्षी कळलं. मला त्यांचा अभिमान वाटला आणि इतकी वर्षं हे दिसलं नाही याची लाजही वाटली.

दुसऱ्या खोक्यातलं घर म्हणजे आमचं तिथलं क्वार्टर झालं. ते चार दिवसांत उभं राहिलं, पण त्याची मागची भिंत आठ दिवस अडून बसली. त्या भिंतीशी, मागच्या दाराच्या उजव्या अंगाला, आई रोज सकाळी सिगडी पेटवायची. कोळसे लाल होईपर्यंत धूर भिंतीला चाटत राहायचा. तिथे एक काळा डाग होता, खाली रुंद आणि वर निमुळता होत गेलेला. त्या डागावरून बाबा आईला फार बोलायचे. शिस्तीचे स्टेशन मास्तर, आणि त्यांच्याच घराची भिंत काळी! "अगं, कालच भिंत पांढरी केली होती!" हे वाक्य माझ्या लहानपणात मी कितीदा ऐकलं असेल याचा हिशेब नाही. आई ऐकून घ्यायची आणि सिगडी तिथेच ठेवायची. वारा त्या बाजूने लागत नसे, एवढं साधं कारण होतं. ते तिनं सांगितलं नाही आणि बाबांनी विचारलं नाही.

आता बाबांना तोच डाग हवा होता. ते काळा रंग लावायचे, चष्मा कपाळावर सरकवून बघायचे आणि पुसून टाकायचे.

"रंग दिसतो गं. धूर दिसत नाही." मग मला विचारायचे, "केवढा उंच होता?"

"मी पाच वर्षांची असताना माझ्या खांद्याएवढा."

त्या मापात तो चवळीच्या दाण्याएवढा यायला हवा होता. आठव्या दिवशी त्यांनी हात टेकले आणि जसा आला तसा ठेवला. मला तो छान वाटला होता. त्यांना नाही.

त्याच सुमारास इन्स्टिट्यूटमधून निरोप आला. बडे साहेब वार्षिक इन्स्पेक्शनला येणार होते आणि त्याआधी टेबलावर स्टेशन हवं होतं. आम्ही दोघांनी रिक्षातून, मांडीवर ताटात ठेवून, स्टेशन आणि क्वार्टर नेलं. हॉलची राखण करायला एक म्हातारे गृहस्थ असत. ते त्याच जुन्या स्टेशनवर बाबांच्या हाताखाली खलाशी, म्हणजे पडेल ते काम करणारे गडी, होते. मी त्यांना लहानपणापासून कक्का, म्हणजे काका, म्हणते; ते मला बिन्नू, म्हणजे पोरी, बाबांना बड़े बाबू आणि आईला बाई साब म्हणत आले. त्यांनी टेबलाला प्रदक्षिणा घातली आणि स्टेशन लगेच ओळखलं. डोळे पुसले. आम्ही दुपारी सगळं त्यांच्या स्वाधीन करून घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांच्या आधी तासभर पोचलो, तर टेबलावर पांढरंशुभ्र स्टेशन.

पांढरं म्हणजे चुन्याने पांढरं. भिंती पांढऱ्या, खाली गेरूचा लाल पट्टा, फलाटाची कड पांढरी, साबुदाण्याचे दगड एक आड एक गेरूचे. पिंक गेली, ओघळ गेले. क्वार्टरची मागची भिंत कोऱ्या कागदासारखी. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"कक्का, ये क्या कर दिया आपने?" मी ओरडलेच.

कक्कांना माझा राग समजेचना. त्यांना दिसलं होतं ते काळं पडलेलं स्टेशन. "बिन्नू, साब आ रए, और टेसन करिया परो हतो," ते म्हणाले. "हमने सोची, बड़े बाबू की बदनामी हुइए."

रेल्वेत साहेब येणार म्हटलं की दिसेल त्याला चुना आणि गेरू लावायचा. कक्कांनी पस्तीस वर्षं तेच केलं होतं. बाभळीचं दातवण चावून चावून त्यांनी केसासारखा बारीक कुंचला केला होता आणि दुपारभर एकट्याने वीतभर स्टेशन रंगवलं होतं.

मी बाबांकडे बघायला धजेना. कित्येक महिन्यांची मेहनत होती, आणि तो डाग होता. बाबा खाली वाकले, मागची भिंत बराच वेळ बघत राहिले. मग गेरूच्या पट्ट्यावर नजर फिरवली. दोऱ्याएवढा पट्टा, पण कुठे वाकडा नव्हता.

"डिंक मिलाया था?" त्यांनी विचारलं.

"हओ, बड़े बाबू. नईं तो हात में लगतो."

"बहुत साफ हाथ है तुम्हारा," बाबा म्हणाले, आणि ते त्यांनी मनापासून म्हटलं. मी मात्र त्या दोघांवरही चिडलेलीच राहिले.

साहेब आले. गाडी फिरून स्टेशनात थांबली. साहेबांनी वाकून पाहिलं आणि खूश होऊन हसले. "अरे, ये तो बिल्कुल असली है! मैं जहाँ जाता हूँ, स्टेशन ऐसा ही मिलता है."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि कित्येक दिवसांत हसले नव्हते तसे हसले. बिचाऱ्या साहेबांनी आयुष्यात कुठलंही स्टेशन मळलेलं पाहिलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा मला म्हणाले, "काजळ धर." आई धरायची तसं मी तुपाच्या दिव्यावर पितळी वाटी धरली. ती वाटी रुमालात गुंडाळून आम्ही इन्स्टिट्यूटमध्ये गेलो. मला वाटलं, बाबा चुना खरवडून पुन्हा सगळे रंग देतील. त्यांनी ब्रशसुद्धा काढला नाही. करंगळी वाटीत फिरवली आणि दाराच्या उजव्या अंगाला भिंतीवर खालून वर, हलकेच ओढली.

आठ दिवस न आलेला डाग एका बोटात आला. खाली रुंद, वर निमुळता, कडेला विरत गेलेला. आधी तिथे नुसता रंग होता, आता चुना होता. आमच्या भिंतीवरही धूर चुन्यावरच बसायचा, आणि ती भिंत दर इन्स्पेक्शनला कक्काच पांढरी करत.

बाबा करंगळी तशीच धरून उभे राहिले. मग त्या पेराएवढ्या दाराकडे बघत, पूर्वीच्याच शब्दांत पण पूर्वी कधीच नव्हतं अशा आवाजात म्हणाले, "अगं, कालच भिंत पांढरी केली होती."

कक्कांना मराठी येत नाही, पण हे वाक्य त्यांनी आमच्या अंगणात उभं राहून पुष्कळदा ऐकलं होतं.

"बाई साब ने कबऊँ मानी है, बड़े बाबू?" ते म्हणाले, आणि गाडीचं बटण दाबायला गेले.