आईची अट, अण्णांची फटफटी आणि गंगापूरची पाणंद

आमच्या पोर्चमध्ये वीस वर्षं एक गाडी उभी होती आणि आईला तिथं झोका टांगायचा होता. या सहलीचं मूळ एवढंच.

गाडी अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची. जुनी टू-स्ट्रोक. तरुणपणी कच्च्या ट्रॅकवरच्या शर्यतींसाठी त्यांनी तिच्यात बदल करून घेतले होते. सायलेन्सर वर उचललेला, मडगार्ड चाकापासून वीतभर लांब, चिखलात पकड घेणारे बटन टायर. आज तिला डर्ट बाईक म्हणतात, तेव्हा आमच्या गल्लीत नुसती फटफटी म्हणायचे. त्या शर्यतींच्या गोष्टी ऐकत मी मोठी झाले. चिखल, उडी, ऐनवेळी बंद पडलेली गाडी, अण्णांनी झटक्यात साफ केलेला प्लग आणि शेवटी दुसरा नंबर. घरी येणाऱ्या प्रत्येकाला चहाआधी ही गोष्ट मिळायची. तेवढ्या वेळात आई चहा टाकायला आत जायची.

तर दिवाळीनंतर आईनं अट घातली. "तुमची ही गाडी गंगापूरकडच्या घरच्या शेतात जाऊन आपल्या चाकावर परत आली, तर ठेवा. टेम्पोत, ट्रॉलीत, दोरीनं ओढत आली, तर तशीच भंगारात. आणि हुरडा संपायच्या आत."

अण्णांनी माझ्याकडं पाहिलं. मी बँकेत नोकरी करते, चाळिशी गाठलीय, पण याच गाडीच्या टाकीवर बसून बालवाडीत गेलेय. म्हटलं, होऊन जाऊ द्या.

दुरुस्तीत सात रविवार गेले. इंजिन पार जाम झालं होतं. शहागंजजवळच्या मेकॅनिक हमीदचाचांनी त्याला कान लावला, हातोडीच्या दांड्यानं दोनदा ठोकलं आणि म्हणाले, "मरा नै बेटा, सोरा है बस. उठाते इसकू." सिलेंडर बोअर झाला, पिस्टन आणि रिंगा नव्या आल्या, क्लचच्या प्लेटा जुन्या बाजारात धुंडाळून काढल्या. टाकी आतून गंजली होती, तिच्यात चिंचेचं पाणी आणि मूठभर नटबोल्ट घालून मी आणि अण्णांनी ती तासभर दोन्हीकडून धरून हलवली. गंज गेला, पण चिंच आईची वर्षाची होती. "आता आमटीत काय घालू? नटबोल्ट?" ती म्हणाली, ते बरोबरच होतं. तुम्हीही अशी एखादी गाडी काढणार असाल तर रंगाचं नंतर बघा, आधी टाकी बघा. चिंच मात्र विकत आणा.

आणखी एक गोष्ट इथंच सांगते, कारण पुढं तिनंच घोळ घातला. टू-स्ट्रोक गाडीत ऑईल पेट्रोलमध्येच मिसळावं लागतं, आणि तेही मापात. कमी पडलं तर इंजिन जाम होतं, जास्त झालं तर प्लग काळा पडतो. अण्णांना वाटतं मी चिंगूस आहे, हात आखडता घेणार. मला वाटतं त्यांना विसरायची सवय आहे. पण हे एकमेकांच्या तोंडावर बोलायचं नाही, ही आमच्या घरची सभ्यता.

जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी साडेसहाला गारखेड्यातल्या घरून निघालो. मी गाडीवर, मागं अण्णा कानटोपीवर हेल्मेट चढवून. माझा नवरा संतोष आईला घेऊन कारनं मागून येत होता. वाळूजचा रस्ता धरायचा तर रविवारच बरा, कारण कंपन्यांच्या बसगाड्या कमी असतात. थंडी अशी की बोटं कुठली आणि क्लच कुठला, काही कळेना! वाळूजच्या अलीकडं पंपावर थांबलो. अण्णा टाकी भरायला थांबले, मी शेजारच्या गाड्यावर पोहे सांगायला गेले. वर तर्री ओतलेले गरमागरम पोहे आणि कट चहा, चौघांचं मिळून दोनशेच्या आत काम झालं. आईनं गाडीकडं बघितलंसुद्धा नाही. पोह्यांत लिंबू कमी आहे, एवढंच म्हणाली.

वाळूज सोडलं की रस्ता मोकळा होतो, पण या दिवसांत उसाच्या ट्रॉल्यांना जपा. एका ट्रॅक्टरमागं दोन-दोन ट्रॉल्या असतात आणि मागची कुठं झुलेल याचा नेम नसतो. आमची फटफटी ताशी चाळीसच्या वर नेली की आरसे थरथरत, त्यामुळं घाई करायचा प्रश्नच नव्हता. दोन्हीकडं ऊस, वेचणी संपत आलेला कापूस, मधेच हरभऱ्याचा हिरवा तुकडा. मागून अण्णा कानाशी ओरडत होते, "गेर बदल! आवाज ऐक की तिचा!" लई मजा येत होती. धूर जरा जास्त वाटत होता, पण अण्णा म्हणाले, जुन्या गाडीचा तो मानच असतो.

गंगापूरच्या बाजारात आईनं आगटीसाठी गूळ, शेंगा आणि काडीपेटी घेतली. आगटी म्हणजे शेतात शेणकुटांचा जाळ करून ज्वारीची कोवळी कणसं भाजायचा खड्डा. तिथून गावाचा फाटा, आणि फाट्यापासून शेतापर्यंत तीन किलोमीटर पाणंद. बैलगाडीच्या चाकोऱ्या, मधे उंचवटा, पाणी दिलेल्या शेतातून झिरपलेलं पाणी. डर्ट बाईकला आणखी काय पाहिजे? मी उतरले आणि गाडी अण्णांच्या हाती दिली.

सत्तरीतला माणूस सीट सोडून पायटांवर उभा राहिला हो! गुडघे दुखतात म्हणून देवळाच्या पायऱ्या न चढणारा माणूस. चिखल उडवत ते पहिल्या वळणापर्यंत गेले. मग गाडीनं दोन आचके दिले, ढगभर धूर सोडला आणि गप्प झाली.

मी पळत पोचले, कार मागं थांबली. किक मारून मारून माझी पिंढरी भरून आली. जादा प्लग हत्यारांच्या पिशवीत नव्हता. अण्णांनी तो आदल्या दिवशी पुसून ओट्यावर ठेवला होता आणि तो तिथंच राहिला होता. तेवढ्यात मागून रिकामी ट्रॉली घेऊन गावातलाच एक ट्रॅक्टरवाला आला. "ट्रॉलीत टाका की अण्णा. शेतापस्तोर सोडतो."

अण्णांनी कारकडं पाहिलं, मग मातीकडं. मला अट आठवली. भंगारवाला डोळ्यांपुढं दिसायला लागला.

कारचं दार उघडलं. पदर खोचत आई चिखलातून आली. "ऑईल किती घातलं?"

"मापात," मी आणि अण्णा एकदमच बोललो.

"कुणी?"

मी पहाटे घरी घातलं होतं, भरल्या टाकीच्या हिशोबानं. अण्णांनी पंपावर पुन्हा तेवढंच घातलं होतं. दोघांनीही गुपचूप!

"धूर बघूनच कळलं मला," आई म्हणाली. "प्लग काढा. द्या इकडं."

तिनं अंबाड्यातला आकडा काढला. प्लगच्या फटीतली काजळी खरवडली, पदराच्या टोकानं पुसली. मग चार पावलं लांब जाऊन एकामागून एक काड्या ओढत प्लग आचेवर धरला आणि शेवटी काडीपेटीच्या खरखरीत बाजूवर टोक घासलं. दोन मिनिटांचं काम. हात जराही अडखळला नाही. मी आ वासून बघत राहिले.

"आई, तुला हे कुठनं येतं?"

"कुठनं म्हणजे? शर्यतीला कडेला कोण उभं राहायचं? लग्नाचं पहिलंच वर्ष होतं. गाडी बंद पडली की हे किक मारत बसायचे, प्लग मीच साफ करायची. त्या दुसऱ्या नंबरच्या वेळी पण." मग आवाज खाली आला. "चाळीस वर्षं ऐकतेय ती गोष्ट. चिखल हाय, उडी हाय, प्लग बी हाय. मी कुठंच नाय. मग असली गाडी दारात कशाला ठेवू?"

अण्णांचे कान लाल झाले होते. मला त्यांचा राग आला, खरं सांगते, आणि माझाही आला. इतक्या वर्षांत मीही कधी विचारलं नव्हतं.

ट्रॅक्टरवाल्यानं पलीकडच्या शेतातून एका मोटारसायकलवाल्याला बोलावलं. टाकीतलं अर्धं तेलकट पेट्रोल आम्ही कॅनमध्ये काढलं, त्यानं आपल्या टाकीतलं दोन बाटल्या नुसतं पेट्रोल दिलं. संतोष पाकीट काढायला लागला तर म्हणतो, "पाहुण्याकडनं पैसे घेत्यात व्हय?" तिसऱ्या किकला गाडी कडाडली. आई अण्णांच्या मागं बसली, एका बाजूला पाय सोडून, पाठीला हात न लावता. वळणावर मात्र तिनं त्यांचा खांदा धरलेला दिसला.

शेतावर हुरडा पोटभर झाला. जवसाची चटणी, दही, गूळ, आणि तळहात काळे होईपर्यंत चोळलेली गरम कणसं. तुम्हाला जायचं असेल तर जानेवारीच गाठा, पुढं दाणा कडक होतो. सोबत साधा रुमाल न्या आणि भूक ठेवा. अण्णा आईला निवडून निवडून कोवळी कणसं देत राहिले.

परतीला गाडी एकदाही कुरकुरली नाही. साडेपाचला आपल्या चाकांवर पोर्चमध्ये शिरली. आईनं तिच्याभोवती एक चक्कर मारली आणि झोका गच्चीवर टांगा म्हणाली. एवढाच निकाल.

आवाज ऐकून शेजारचे देशमुखकाका आले. सवयीनं आई चहा टाकायला आत निघाली.

"पाणंदीत बंद पडली राव," अण्णांनी सुरुवात केली. "प्लग काळाठिक्कर. मग मी..." ते थांबले. "मी नाय. हिनं साफ केला. शर्यतीतसुद्धा हीच करायची."

आई उंबऱ्यात थांबली. मागं आली, पायरीवर बसली, पाय पसरले.

"पहिल्यापासून सांगा," ती म्हणाली.

चहा त्या दिवशी संतोषनं केला.