त्याचं तोंड मी बघितलं होतं

माझ्या पलटणीतल्या जोडीदाराची पेटी त्याच्या गावात पोचली तेव्हा मी अजून डोंगरावरच होतो. लढाई संपली नव्हती. त्यामुळं गगनबावड्याच्या अलीकडच्या त्या गावात त्या दिवशी काय झालं, ते मला नंतर तुकड्यातुकड्यांनी कळलं. पाऊस होता. शाळेची पोरं रांगेनं उभी केली होती. पेटी अंगणात ठेवली. सलामीच्या बंदुका वाजल्या तशी गोठ्यातली म्हैस दावं तोडून पळाली. आणि पेटी कुणाला उघडू दिली नाही. त्याला डोंगरावरून खाली आणायलाच बरेच दिवस गेले होते. बरोबर आलेल्या साहेबांनी घरच्यांना हात जोडून सांगितलं, उघडू नका. वडिलांनी ऐकलं. आई ऐकेना, तेव्हा बायकांनी तिला धरून ठेवलं.

पेटीवर हात ठेवून ती म्हणाली म्हणे, "ह्यात कोण हाय?"

आम्ही दोघं एकाच भरतीत लागलो होतो. मी मंगळवार पेठेतला, तो गगनबावड्याकडचा. पलटणीत सगळे आम्हा दोघांनाही कोल्हापूरच म्हणायचे. एकाला हाक मारली की दोघंही वळून बघायचो. तो अंगानं थोराड, आवाजानं त्याहून थोराड. हळू बोलणं त्याला जमायचंच नाही. पहाऱ्यावर असताना कानात सांगायला गेला तरी शेजारच्या मोर्च्यात ऐकू जायचं, आणि मग सुभेदार साहेबांच्या शिव्या आम्ही दोघं खायचो.

त्या उन्हाळ्यात आमच्या कंपनीनं एक कडा घेतला. घेतला म्हणजे काय, ते मी कधी नीट सांगू शकलेलो नाही. रात्रभर चढलो, खूप माणसं गेली, आणि वर पोचल्यावर ती जागा शेणी रचलेल्या एका उडव्याएवढी निघाली. मग ती राखायची होती. दगड रचून आडोसा केला आणि त्यात आम्ही दोघं राहिलो. आभाळ ढगाळ असलं की बरं वाटायचं. स्वच्छ पडलं की पलीकडून तोफा सुरू व्हायच्या.

तो दिवस स्वच्छ होता. पाणी संपलं होतं. डब्यात बर्फ भरून आणायला तो आडोशाबाहेर गेला, फार लांब नाही, आमच्या गल्लीच्या रुंदीइतकं. गोळा पडला. मी त्याला ओढत आत आणलं.

लढाई थांबल्यावर सुट्टी मिळाली. घरी एक दिवस राहून मी यष्टीनं त्याच्या गावी गेलो. आई उंबऱ्यात बसली होती. वडील, ज्यांना मी पुढं आबा म्हणायला लागलो, त्यांनी मला घोंगडं टाकून बसवलं. कुणी रडलं नाही. आबांनी विचारलं, "थंडी लई असती का रं तिकडं?" मी म्हटलं, असते. 

मग आई पुढं सरकली. "तू हुतास न्हवं त्याच्याजवळ?"

"व्हय मावशी."

"तोंड बघितलास?"

"बघितलं."

"त्योच हुता?"

"त्योच हुता, मावशी."

"बर्फात माणसाचं तोंड बदलतं म्हणं."

मी म्हटलं, "बदललं न्हवतं."

तिनं मान हलवली आणि आत जाऊन माझ्यासाठी भाकरी थापायला बसली. मला वाटलं, तिचं समाधान झालं.

ते झालं नव्हतं. दर सुट्टीला मी जायचो आणि दर वेळी ती तेच विचारायची. पुढं मी नोकरीतून सुटून आलो, कोल्हापुरात एका बँकेत दारावर बंदूक घेऊन उभा राहायला लागलो, तेव्हा तिचे फोन यायला लागले. शेजारच्या पोरीकडून नंबर लावून घ्यायची. "टीव्हीत दाखवत्यात, पल्याडच्या जेलात आपली माणसं हायत म्हणं. नावं बी ठावं न्हाईत त्यांची." मी म्हणायचो, "मावशी, मी बघितलंय." ती म्हणायची, "बघितलायस की. पर तवा तू बी ल्हान हुतास, घाबरला असशील." गावच्या चौकात त्याच्या नावाचा दगड बसवला, दर वर्षी तिथं कार्यक्रम होतो. ती कधी गेली नाही. घरात त्याचा फोटो लावू दिला नाही. आबांनी मला एकदा बाजूला घेऊन सांगितलं, "ती दाराला कडी घालू देत न्हाय. कुत्री आत येत्यात, पर कडी न्हाय."

काय झालं ते तिनं कधी विचारलं नाही. तोच होता का, एवढंच विचारायची. आणि न विचारता सांगावं, असं ते नव्हतं.

तिच्या डोळ्यात मोतीबिंदू झाला तेव्हा ऑपरेशनला आबा तिला कोल्हापूरला घेऊन आले. ऑपरेशननंतर चार दिवस तपासणीसाठी थांबायचं होतं, म्हणून मी त्यांना माझ्याकडं ठेवून घेतलं. आमच्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत तिची कॉट टाकली. काळा चष्मा लावून ती भिंतीला टेकून बसायची आणि रस्त्यावरचे आवाज ऐकत राहायची.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी ड्युटीवरून जेवायला घरी आलो. बायको कामाला गेली होती. आबा औषधाचे थेंब आणायला बाहेर पडले होते. मी ताट वाढून घेतलं तोवर ती म्हणाली, "आज सगळं सांग."

"काय, मावशी?"

"गोळा पडला, एवढंच सांगतोस हरबारी. पडला तवापासनं सांग. जेव आधी."

मला जेवण गेलं नाही. ताट बाजूला सारून मी तिच्या कॉटपाशी खाली बसलो.

मी सांगितलं की त्याला पोटात लागलं होतं. पट्टी दाबून धरली, ती भिजली की दुसरी लावली. खाली वायरलेसवर कळवलं. उत्तर आलं, दिवसाउजेडी स्ट्रेचरवाले वर येऊ शकत नाहीत, दिसले की मारले जातील. अंधार पडेपर्यंत त्याला जागं ठेवा, बोलत ठेवा.

"शुद्धीत हुता?"

"शुद्धीत हुता."

"दुखत हुतं?"

"पहिल्यांदा लई दुखलं. मग मी इंजेक्शन दिलं. मग कमी झालं."

"पाणी मागितलं आसंल."

 तिनं चष्म्याआडून माझ्याकडं तोंड वळवलं.

"मागितलं, मावशी. पर पोटात लागल्यावर पाणी द्यायचं नसतं. मी बर्फ घेऊन ओठ वलं करत राहिलो."

ती म्हणाली, "थंड लागलं आसंल त्याला." आणि मग, "सांग म्होरं."

त्याला बोलतं ठेवायचं म्हणून मी त्याला विचारायला लागलो, सुट्टीला जाताना कोल्हापुरातनं यष्टी कुठं कुठं थांबते? मला सगळं माहीत होतं, पण त्यानं सांगावं म्हणून विचारत होतो. तो सांगायला लागला. बालिंगा, कळे, साळवण, असळज. संपलं की मी म्हणायचो, एक राहिला बघ, परत सांग. तो चिडायचा, पण परत सांगायचा. आयुष्यात पहिल्यांदा तो हळू आवाजात बोलत होता. पुढं पुढं त्याचा क्रम चुकायला लागला. असळज आधी यायचं, बालिंगा मागून.

"मग शुद्ध हरपायला लागली त्याची," मी तिला म्हटलं. "भलतंच काहीतरी बोलायला लागला. कळ्याच्या म्होरं मांजराचा थांबा म्हणायचा. मी म्हटलं, आरं असला थांबा न्हाय. तर म्हणाला, हाय, तुला ठावं न्हाय. दोन-तीन डाव म्हणाला. मग बोलायचाच थांबला. श्वास चालू हुता. उन्हं कलायच्या वक्ताला गेला. माझा हात त्याच्या मानंखाली हुता."

 बाहेर भांडीवाला ओरडत गेला. मला वाटलं, ती झोपली की काय.

मग तिनं विचारलं, "काय म्हणाला थांबा?"

"मांजराचा थांबा."

तिनं चष्मा काढला. मी म्हटलं, "मावशी, चष्मा काढू नका."

"कळ्याच्या म्होरं एका फाट्यावर च्याची टपरी हुती," ती म्हणाली. "तिथं एक भुरी मांजर बसायची. मी ह्याला घेऊन माहेरला जायची तवा ह्यो यष्टीच्या खिडकीतनं तिला बिस्कीट टाकायचा. आमी दोघंच मांजराचा थांबा म्हणायचो. ह्यास्नी बी ठावं न्हाय ते. कुणालाच ठावं न्हाय."

मग ती म्हणाली, "म्हंजे त्योच हुता."

मी इतकी वर्षं तिला हेच सांगत आलो होतो. पण त्या दुपारी ते पहिल्यांदाच तिच्या तोंडून आलं. ती रडायला लागली. आवाज न करता, मांडीवर दोन्ही हात उताणे टाकून. डॉक्टरांनी बजावलं होतं, डोळ्याला पाण्याचा थेंब लागू द्यायचा नाही. मी स्वच्छ फडकं घेऊन पुढं झालो आणि म्हटलं, "मावशी, डोळा ऱ्हाणार न्हाय अशानं."

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली.

आबा औषध घेऊन आले. दारातच थांबले.  चपला काढून ते तिच्या शेजारी कॉटवर बसले आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मी ड्युटीवर परत गेलो. त्या दुपारी बँकेत कोण आलं, कोण गेलं, मला काही आठवत नाही.

ती गावी गेली. डोळ्याला काही झालं नाही, चांगलं दिसायला लागलं. मात्र फोन बंद झाले. मीच एकदोनदा लावला तर म्हणायची, "बरं हाय. तुझी पोरं बरी हायत न्हवं?" टीव्हीचा, जेलचा विषय नाही. त्या वर्षीच्या कार्यक्रमाला ती पहिल्यांदा चौकात आली. तिला पुढच्या खुर्चीत बसवलं. पुढाऱ्यांची भाषणं झाली, मलाही दोन शब्द बोलायला लावलं, मी नेहमीचं बोललो. ती मान खाली घालून बसली होती. सगळं झाल्यावर दगडाजवळ गेली, पदरानं त्याच्यावरचं पाणी पुसलं आणि घराकडं चालायला लागली. त्या दिवशी घरात फोटो लागलेला मी बघितला.

पुढच्या वर्षी, भातलावणीच्या दिवसांत ती गेली. आजार म्हणावा असा काही नव्हता. जेवण कमी झालं होतं. मी खांदा द्यायला पोचलो तेव्हा ओढ्याला पूर होता, आम्ही कमरेएवढ्या पाण्यातनं तिला पलीकडं नेलं.

दिवसकार्य झाल्यावर आबा आणि मी पडवीत बसलो होतो. पन्हाळीतनं पाणी पडत होतं. ते म्हणाले, "तू तिला सगळं सांगितलास."

"व्हय आबा. तिनंच विचारलं."

"विचारलं आसंल." त्यांनी घोंगडं पायांवर ओढून घेतलं. "बरं केलास का वाईट, मला कळत न्हाय. तिचा जीव शांत झाला, त्ये मी बघितलं. पर आदी सकाळी उटून अंगण झाडायची, सडा टाकायची, कोण येणार हाय तसं. मागनं झाडायचीच न्हाय. म्या झाडायचो."

  आत कामाला आलेल्या शेजारच्या पोरीला हाक मारून त्यांनी माझ्यासाठी चहा टाकायला सांगितला, आणि रस्त्यावर पुराचं पाणी आलं तर गाडी बंद होईल म्हणून मला लवकर निघायला लावलं.

मी अजून जातो. वर्षातून एकदा, कार्यक्रमाला. भाषणं चालू असतात तेव्हा आबा आणि मी मागं देवळाच्या पायरीवर बसतो. भाताचं, पावसाचं, त्यांच्या गुडघ्याचं बोलतो. त्याचा विषय निघत नाही.