बंडोरनचे घोडे

दीड वर्ष परदेशात, सँडीफोर्डच्या फ्लॅटमध्ये एकाच टेबलाच्या दोन टोकांना बसून आम्ही दोघींनी ऑफिस केलं. मी पुण्याची, माझी फ्लॅटमेट नागपूरची. २०२१च्या ऑगस्टमध्ये प्रवासाची बंदी उठलेली होती, तेव्हा तिनं ठरवलं की देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, डोनेगलमधला एरिगल डोंगर चढायचा. वेळापत्रकही तिचंच: रात्री दहाला झोप, पहाटे साडेचारला गजर. गाडी जवळच्याच चेरीवूडमध्ये राहणाऱ्या, ऑफिसातल्या आमच्या एका सीनियरची. त्याला आम्ही दादा म्हणायचो.

दादाची मीटिंग लांबली आणि मुक्कामाच्या गावी, बंडोरनला, पोचायलाच साडेदहा झाले. समुद्रकाठचं एवढंसं गाव, पण रस्ताभर जुगाराच्या मशिनांची दुकानं. पाट्यांच्या उजेडानं आमची खोली हिरवी-गुलाबी होत होती. मी म्हटलं, पाच मिनिटं बघून येऊ. ती कुरकुरत, बुटांच्या नाड्या न बांधताच निघाली.

आत शिरल्याबरोबर मला हसू फुटलं. इतकी अनोळखी माणसं एकत्र बघायची सवयच गेली होती. मास्कमध्ये हसून हसून माझा चष्मा धुरकटला.

मागच्या भिंतीवर पत्र्याचे बारा घोडे होते. स्टुलावर बसून समोरच्या फळीवरच्या भोकांत चेंडू ढकलायचा, की आपला घोडा पुढे सरकतो. नागपूरकरीण नुसती बघायला म्हणून टेकली आणि हललीच नाही. शेजारी, प्लास्टिकच्या तावदानापलीकडे, सत्तरीच्या एक आजी होत्या. प्रत्येक शर्यत त्याच जिंकायच्या, तेही गप्पा मारता मारता. आम्ही एरिगलला निघालोय हे कळल्यावर त्यांनी सांगितलं, शाळेत असताना त्या बहिणीचे बूट घालून तो चढल्या होत्या आणि बहीण दिवसभर घरी अनवाणी बसली होती.

दादा दोनदा येऊन झोपेची आठवण करून गेला. तिसऱ्यांदा आला तो स्वतःच सात नंबरवर बसला.

बाराला शेवटची शर्यत जाहीर झाली. तिचा घोडा आजींच्या घोड्यापुढे नाकभर सरकला, घंटा वाजली, आणि दीड वर्ष माझ्यासमोर शांतपणे कॉल घेत बसलेली ही मुलगी स्टुलावर उभी राहून नाचायला लागली.

आजींनी तावदानावर टकटक केली. "ग्रँड धावला तुझा गडी," त्या म्हणाल्या. "आता उतर खाली. पाय उद्याला ठेव."

बक्षिसाचा बिस्किटांचा डबा आम्ही तिघांनी खोलीत बसून संपवला. गजर कुणालाच ऐकू आला नाही.

एरिगलच्या पायथ्याशी पोचलो तेव्हा अकरा वाजून गेले होते, लोक उतरायला लागले होते. घसरत्या दगडांवर दोन पावलं वर, एक खाली, असं करत माथा गाठला. वर नुसता ढग. समुद्र कुठे असेल ते दादानं बोट करून दाखवलं; तिनं बरोब्बर उलट दिशेला दाखवलं. दोघं तावातावानं भांडत बसले, आणि मी मधे बसून, पोट दुखेपर्यंत हसत, बरोबर आणलेला सगळा चिवडा खाल्ला.